प्रधानजींना पडलेलं स्वप्न

चंद्रावतीच्या राजाने दवंडी पिटवली की राजरस्त्यावरच्या ज्या घराला ‘हरितगृह’ ही मोहोर मिळणार नाही, ते पाडलं जाईल. पारख करायला नेमले प्रधान भुजंगराव. त्यांच्या मते हरितगृह म्हणजे नवंकोरं, हिरव्या रंगाचं आणि वेलींनी झाकलेलं घर. लोकांनी घाईघाईने भिंती रंगवल्या.

वैद्य यमुनाक्का मात्र आपल्या जुन्या मातीच्या घरात औषधं कुटत राहिली. वैशाखातल्या भर दुपारी प्रधानजी राजाला घेऊन तिच्या दारी आले.

“इथे एक हिरवं पान नाही! पाडा हे घर!” प्रधानजी कडाडले.

“पाडा, पण उन्हातून आलात, आधी पाणी घ्या,” यमुनाक्का म्हणाली.

पाणी पिऊन प्रधानजी आत भिंतीला टेकून बसले. जाड भिंतींनी ऊन बाहेरच अडवलं होतं आणि समोरासमोरच्या खिडक्यांतून वारा अलगद फिरत होता. बघता बघता ते घोरू लागले. राजाने हसून त्यांना झोपू दिलं. उन्हं कलली तेव्हा कुठे त्यांना जाग आली.

“स्वप्नात काय पाहिलंत?” यमुनाक्काने विचारलं.

“दाट आमराई... नदीवरून येणारा गार वारा...” प्रधानजी अजून गुंगीतच होते.

यमुनाक्का राजाकडे वळली. “महाराज, यांच्या उघड्या डोळ्यांना इथे पान दिसलं नाही, मिटल्या डोळ्यांना आमराई दिसली. आता मोहोर कोणाला विचारून द्यायची, डोळ्यांना की अंगाला?”

राजाने स्वतःच्या हाताने तिच्या दारावर मोहोर उमटवली. प्रधानजी पागोटं सावरत निघाले, पण उंबऱ्यापाशी घुटमळले.

“अक्का,” ते हळूच म्हणाले, “उद्या दुपारी येऊ का?”