तेराव्या महिन्याची ओळ

कुठल्याशा राज्यात एक कालवा होता, आणि त्याची दारं उघडायला-मिटायला चक्क एक कॉम्प्युटर होता. गोष्टीतलं राज्य आहे, तिथं काहीही असतं! कुठल्या गावाला कधी पाणी, हे कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम ठरवी. तो प्रोग्रॅम साऱ्या रयतेचा. कुणीही वाचावा, कुणीही सुधारावा. फक्त बदलाखाली आपलं नाव आणि कारण लिहावं, एवढाच रिवाज.

कालव्याच्या अगदी टोकाच्या गावात सगुणा नावाची शिंपीण राहायची. शाळा चौथीपर्यंत. पण प्रोग्रॅम वाचून वाचून ती अशी तरबेज झाली होती, की झंपर शिवता शिवता त्यातल्या चुकाही दुरुस्त करायची.

मग प्रधानजींना शहाणपण सुचलं. "शिंपी-कुंभार राज्याचा प्रोग्रॅम लिहितात? लोक हसतील आपल्याला!" त्यांनी फर्मान काढलं: वाचायचं तर वाचा, पण पदवी नसेल त्यानं प्रोग्रॅमला हात लावायचा नाही. कुलूप लागलं, आणि किल्ली गेली सात पदव्यांच्या पंडितजींकडे.

दोन महिन्यांनी, ऐन उन्हाळ्यात, एका सकाळी कालव्याची सगळी दारं बंद झाली ती उघडेचनात. पंडितजींनी जाडजूड ग्रंथ काढले. चार दिवस गेले. सगुणाच्या गावच्या तळ्यात नुसता चिखल उरला, प्यायला घागरभर पाणी मिळेना. सगुणानं चावडीवर जाऊन प्रोग्रॅम वाचला, कपाळावर हात मारला आणि तडक राजधानी गाठली.

"पदवी दाखवा," पहारेकऱ्यानं अडवलं.

"मी सगुणा शिंपीण. पदवी नाही रे दादा. पण चूक कुठंय ते ठाऊक आहे."

"मग बसा पायरीवर."

आत राजा संतापला होता. "पुरे झाले ते ग्रंथ! कुणी काय बदललं आणि कशासाठी, तेवढं वाचा."

कारकून वाचू लागला. "पाणी वाटेत मुरतं, म्हणून टोकाच्या गावाला अर्धा तास जास्त. नाव, सगुणा शिंपीण. अधिक महिना आला तर त्याचीही पाळी लावावी. नाव, सगुणा शिंपीण." पुढे तो अडखळला. "अधिक महिन्याची ओळ पुसली. नाव, पंडितजी. कारण, वर्षाला महिने बाराच असतात."

अहो, चारच दिवसांपूर्वी अधिक महिना लागला होता. पंडितजींचे जावई घरी येऊन अनारसे खाऊन गेले होते, तरी यांच्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता.

"ही सगुणा कुठं सापडेल?" राजानं विचारलं.

पहारेकरी पुढे झाला. "महाराज, सकाळपासून बाहेर पायरीवरच बसल्यात."

सगुणा आत आली. पंडितजींकडची किल्ली घेतली. पुसलेली ओळ पुन्हा लिहिली, खाली नाव टाकलं आणि कारण लिहिलं, 'लोक तहानलेत.' धडाधड दारं उघडली आणि पाणी सुटलं!

राजाला आनंद मावेना. "सगुणाबाई, आजच तुम्हाला पदवी देतो!"

"पदवी नको, महाराज. ते कुलूप काढा. आणि पंडितजींना घालवू नका, गणितात माझ्यापेक्षा हुशार आहेत. पुसायच्या आधी कारण वाचायचं, एवढं मी शिकवते त्यांना."

राजानं स्वतःच्या हातानं कुलूप काढलं. सगुणा गावी पोचली, तेव्हा पाणी तिच्या आधी पोचलं होतं. तळ्यावरच्या बायकांनी तिला घागरी ओतून ओतून चिंब भिजवलं.

तात्पर्य काय, तर पदवी असली तर छानच. पण दारात आलेल्या माणसाला आधी विचारावं, 'तुम्हाला काय येतं?'