मधलं काहीही चालेल

फार पूर्वी एका शेवरीवर पोपट राहत आणि म्हातारा कावळा त्यांचा कारभार पाही. एखादा पोपट मेला, की कावळा त्याच्या नावाने दुसरा आणून ढोलीत बसवी. त्याची पारख ठरलेली होती: पुढे लाल चोच, मागे हिरवी शेपटी, मधलं काहीही चालेल.

धाकट्या हिरोजीचा दादा ससाण्याने नेला. लगेच कावळा एका अनोळखी पोपटाला घेऊन आला.

“घे रे, तुझा दादा. चोच जुळली, शेपटी जुळली. आता रडणं पुरे.”

हिरोजी ढोलीच्या तोंडाशी आडवा झाला. “थंडीत दादा मला पंखाखाली घ्यायचा, कारभारी. तो पंख तुमच्या मधल्यातच होता!”

“अख्खी शेवरी माझं ऐकते!”

“ऐकू दे. हा पाहुणा म्हणून खुशाल राहील. दादाच्या नावाने मी त्याला हाक मारणार नाही.”