हौसाबाईचा ओटा

खडकवाडच्या बसस्थानकावर उतरून रिक्षावाल्याला 'करंजाई हाइट्स' विचारले, तर तो डोके खाजवतो. 'भोकाची बिल्डिंग' म्हटले की लगेच निघतो. नाव तसे वावगे नाही. इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, बरोबर मधोमध, एका घराएवढी जागा मोकळी आहे. भिंती नाहीत, दारे-खिडक्या नाहीत, नुसता कठडा. आरपार पलीकडचा करंजाईचा डोंगर दिसतो. आणि त्या मोकळ्या जागेत काळ्या कडप्प्याचा एक स्वयंपाकाचा ओटा तेवढा उभा आहे. घर बघायला आलेली माणसे हटकून विचारतात, काम अर्धवट राहिले का? तेव्हा सोसायटीतले सगळ्यात जुने रहिवासी तात्या जंगम त्यांना लिफ्टमध्ये शिरू देत नाहीत. आधी बाकावर बसवतात आणि सांगायला लागतात.

नाथाजी पिसाळ हा मूळचा गवंडी. आज जिल्हाभर जिच्या पाट्या झळकतात ती पिसाळ बांधकाम कंपनी म्हणजे त्या काळी एक थापी, एक ओळंबा आणि बायको हौसाबाई, एवढीच होती म्हणे. गोठे, चाळी, शाळेच्या खोल्या बांधत नाथाजी वर आला. जिथे काम तिथे पत्र्याची खोली ठोकायची, हौसाबाईने तिथे चूल मांडायची, आणि इमारत पुरी झाली की पत्रे उचलून पुढच्या कामावर जायचे. लोकांच्या वास्तुशांतीला ती पदर खोचून राबली, पण स्वतःच्या घरात दूध उतू घालायचा योग काही येईना. नवरा मालक झाला, दारात जीप आली, तरी बाईच्या डोक्यावर पत्राच. "लोकांची घरं हुंद्यात, मग माझं बांधा. घाई न्हाई," असे ती म्हणायची. घाई होती. फार होती. पण बोलून दाखवायचा तिचा स्वभाव नव्हता.

कंपनीची पहिली मोठी इमारत म्हणजे करंजाई सदन, ती मागे दिसते ती. तिच्या तिसऱ्या मजल्यावर अनसूयाबाई कोष्टी नावाच्या म्हातारीने घर घेतले. या बाईने उभा जन्म दर मंगळवारी डोंगर चढून देवीच्या दिव्याला तेल घातले होते. आता गुडघे गेले होते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिन्हीसांजेला देवळाचा दिवा दिसतो, एवढ्यासाठी तिने ते घर पसंत केले. विकायच्या भरात नाथाजी बोलून गेला, "मावशी, ही खिडकी म्हंजे तुमचं देऊळ. हिच्या आड म्या कुणाला येऊ द्यायचा न्हाई." म्हातारीने ते काळजावर कोरून घेतले. नाथाजी मात्र पुढच्या गिऱ्हाइकापाशी पोचेपर्यंत विसरला.

पुढे समोरचा माळ कंपनीनेच घेतला आणि करंजाई हाइट्सचे काम निघाले. नाथाजी इमारत नेहमी रस्त्यावरून बघायचा. आपण बांधलेल्या घरात उभे राहून बाहेर बघायची त्याला सवयच नव्हती. गवंड्याची नजर भिंतीवर ठरते, भिंतीपलीकडे जात नाही, असे तात्या म्हणतात. स्लॅब चढत गेले, तरी खांबांमधून दिवा दिसत होता. चौथ्या मजल्यावरचे मधले घर नाथाजीने हौसाबाईसाठी राखले होते आणि त्याच्या भिंती त्याने दुसऱ्या कुणाला बांधू दिल्या नाहीत. मालकाने बाह्या सारून स्वतः थापी धरली. हौसाबाई विटा भिजवून देत होती. ओटा तिने सगळ्यात आधी करून घेतला होता, आपल्या कमरेला उंची लावून. शेवटची वीट बसली, त्या संध्याकाळी करंजाई सदनातल्या त्या खिडकीतून दिवा नाहीसा झाला.

हौसाबाईला हे कळले ते वास्तुशांतीचे आमंत्रण द्यायला गेली तेव्हा. तिन्हीसांजेची वेळ होती. अनसूयाबाई खिडकीशी उभी राहून समोरच्या विटांना हात जोडत होती.

"हे काय वं मावशी, भिताडाच्या पाया पडताय?"

"दिवा हाय की तिकडं जाग्यावर," म्हातारी म्हणाली. "दिसत न्हाई, एवढंच. तू नगं जिवाला लावून घिऊ. तुजं घर झालं, लई ब्येस झालं बघ." नाथाजी काय बोलला होता तेही बोलता बोलता तिच्या तोंडून निघाले. तक्रार नव्हती, सहज आठवण होती. मग तिने हौसाबाईच्या हातावर साखर ठेवली.

हौसाबाई पत्र्याच्या खोलीवर परतली. तिला म्हातारीचा राग आला, असेही सांगतात, आणि का येऊ नये? म्हातारी भांडली असती तर बरे झाले असते, भांडणाऱ्याला उत्तर तरी देता येते. पण विटांना जोडलेले ते हात काही डोळ्यांपुढून हलेनात. त्या विटा तिनेच भिजवल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी नाथाजी फरशीचे नमुने घेऊन आला. "यातली कुठली टाकू, सांग."

"फरशी नगं. भिताडं पाडा."

"याड लागलं का तुला? तुजं घर हाय त्ये!"

"माजं हाय म्हणून तर सांगतीया. दुसऱ्याचं असतं तर मला तोंड नव्हतं." आणि त्याने म्हातारीला दिलेला शब्द तिने त्याच्यापुढे ठेवला.

नाथाजी उखडला. "इकताना मानूस धा गोष्टी बोलतं. त्ये कुनी धरून बसतं व्हय?"

"तिनं धरलं," हौसाबाई म्हणाली.

नाथाजी तणतणत करंजाई सदनाचा जिना चढला. त्या खिडकीत उभा राहिला आणि आपल्या हातची भिंत त्याने पहिल्यांदाच पलीकडून पाहिली. भिंत ओळंब्यात होती, सांधे नीट भरलेले होते. नावे ठेवायला जागा नव्हती, आणि तिच्यामागे डोंगर होता. खाली उतरून तो समोरच्या कामावर आला. घण घेऊन वर गेला. मजूर पुढे झाले, त्यांना त्याने मागे सारले. ज्या हातांनी भिंती चढवल्या त्याच हातांनी त्या उतरवल्या. ओट्यापाशी आल्यावर मात्र त्याचा हात उचलेना.

"ऱ्हाऊ द्या त्यो," हौसाबाई म्हणाली. "त्याच्या वरनं दिसतंया." आणि त्या ओट्याला टेकून ती पोटभर रडली म्हणे.

त्या संध्याकाळी डोंगरावरचा दिवा आपोआप पेटला, असे काही जण सांगतात. तात्यांना ते पटत नाही, गुरवानेच लावला असणार. पण दिवा दिसताच अनसूयाबाईने मारलेली हाक खालच्या रस्त्यापर्यंत ऐकू आली, हे ते छातीठोकपणे सांगतात.

बाकीची घरे आधीच लोकांना देऊन झाली होती. पुढच्या इमारतीत तुझे घर नक्की, असे नाथाजीने कबूल केले. ती इमारत पुरी व्हायच्या आत हौसाबाई गेली. पत्र्याच्या खोलीतच गेली.

तेव्हापासून पिसाळांची रीत पडली. पाया खणायच्या आधी मोकळ्या जागेवर होणाऱ्या इमारतीएवढा उंच बांबू उभा करायचा, टोकाला कंदील टांगायचा, आणि आजूबाजूच्यांना सांगायचे की आपापल्या घरात उभे राहून बघा, आमच्यामुळे तुमचे काय झाकले जाते. कुणाचे काही झाकले जात असेल तर नकाशा बदलायचा. आता इमारती उंच झाल्या, बांबू पुरत नाही, म्हणून क्रेनला कंदील टांगतात. नवे इंजिनिअर कुरकुरतात, पण टांगतात.

अनसूयाबाई जाऊनही खूप वर्षे झाली. तिच्या स्वयंपाकघरात आता दुसऱ्यांची भांडी वाजतात, आणि आजही तिन्हीसांजेला त्या खिडकीतून, या मोकळ्या जागेतून, दिवा दिसतो. आणि आजही करंजाई हाइट्समध्ये नवे बिऱ्हाड आले, की दूध स्वतःच्या घरात उतू घालत नाहीत. शेगडी घेऊन सगळे चौथ्या मजल्यावर येतात आणि हौसाबाईच्या ओट्यावर पातेले चढवतात. कडप्प्याची एक कड त्या दुधाने पांढुरकी झाली आहे. दूध वर आले, काठावरून ओघळले, की जमलेल्यांतली सगळ्यात वयस्क बाई डोंगराकडे तोंड करून मोठ्याने म्हणते, "हौसाबाई, तुजं घर झालं गं!"