धुरी दिलेला रस

एका बंदरात एक व्यापारी राहायचा, बाबलशेट. लांबच्या सफरीवर निघालेल्या गलबतांना तो आवळ्याचा रस पुरवायचा. महिनोन्‌महिने पाण्यावर राहिलेल्या माणसाला ताजं काही मिळालं नाही की हिरड्या सुजतात, दात हलतात, दहा वर्षांपूर्वी भरलेली जखम पुन्हा उकलते. त्यावर उतारा एकच, रोज घोटभर आवळ्याचा रस. म्हणून खलाशी बाबलशेटच्या रसाकडे देवाच्या तीर्थासारखं बघत.

त्या बंदराची एक रीत होती. ज्याचा रस, त्याच्या घरचा एक माणूस गलबतावर. त्यानंही तोच रस प्यायचा. लेखी हमीपेक्षा ही हमी पक्की. त्या साली पाळी आली बाबलशेटच्या धाकट्या भावावर, जयवंतवर. आई लवकर गेलेली; जयवंतला बाबलशेटनंच घास भरवून मोठा केला होता.

रस काढायची गौराक्का, बाबलशेटच्या वडिलांच्या वेळेपासून. तिचं काम सावकाश. आवळे पाट्यावर ठेचायचे, रस थंडच गाळायचा, चिनी मातीच्या बरण्या काठोकाठ भरायच्या आणि वर तिळाच्या तेलाचा थर सोडायचा. आत वारा शिरता कामा नये.

पण त्या गलबताचा कप्तान, दाऊद नाखवा, यानं निघायचा दिवस आठवडाभर अलीकडे ओढला. एवढ्यात बरण्या भरणं शक्य नव्हतं, आणि 'जमणार नाही' म्हणावं तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाणार. बाबलशेटनं लग्नाच्या जेवणावळीचा मोठा तांब्याचा टोप काढला. कल्हई उडून आतलं तांबं उघडं पडलं होतं. कल्हईवाला तीन दिवसांनी येणार होता. तेवढा धीर कुणाला? त्याच टोपात आवळे दिवसभर उकडले. रस भराभर सुटला. मग दोन दिवस तो तसाच उघडा अंगणात निवत राहिला.

तिसऱ्या दिवशी रसाचा रंग चहासारखा झाला होता.

गौराक्कानं बोट बुडवून जिभेला लावलं. "बाबल, ह्याच्यातलं सत्त्व गेलं. ओतून टाक."

"अगं, आंबट तर आहे की!"

"आंबटपणा मागं राहतो रे, गुण आधी जातो. मेलेल्याचं अंगही घटकाभर ऊबदार असतं, म्हणून काय त्याला पान वाढतोस?"

बाबलशेट हसला. गुळाच्या धंद्यातली एक युक्ती त्याला ठाऊक होती. गंधकाची धुरी दिली की काळा माल उजळतो. त्यानं रिकाम्या पिपांत गंधक जाळला, त्यावर रस ओतला, घुसळला. रंग उतरला. पूर्ण नाही, पण बघणाऱ्याचं समाधान होण्यापुरता. दाऊद नाखव्यानं वाटी उन्हात धरून पाहिली आणि म्हणाला, "वा शेट! सोन्यासारखा रस दिलात."

निघायच्या दिवशी बाबलशेट धक्क्यावर आला तेव्हा त्याच्या काखेत गौराक्कानं भरलेली एकुलती एक बरणी होती. जयवंतसाठी. पण ती हातात दिली असती तर जयवंतनं विचारलं असतं, "दादा, ही वेगळी कशाला?" आणि नाखवा शेजारीच उभा होता. गलबत हललं. जयवंत हात हलवत लहान होत गेला. बाबलशेट बरणी घेऊन घरी परतला.

पाच महिन्यांनी गलबत आलं. गेले होते बावीस जण, परत आले नऊ. त्या नऊ जणांत जयवंत नव्हता. दाऊद नाखवा काठी टेकत धक्क्यावर उतरला. तोंडात चार दात उरले होते. त्याच्या हातात एक पितळी पेला होता, वर फडकं बांधलेला. जयवंतचा पेला. आजवर नाखवा बाबलशेटला अहोजाहो करायचा, त्या दिवशी नाही केलं.

"वाटेत एक बेट लागलं," नाखवा म्हणाला. "लोक होड्यांतून लिंबं घेऊन आले. मी टोपलं उचललं होतं. तुझ्या भावानंच माझा हात धरला. म्हणाला, 'नाखवा, माझ्या दादाचा रस असताना परक्याची लिंबं घेता? त्याला काय वाटेल?' मी टोपलं खाली ठेवलं."

नाखव्यानं काठीवर भार टाकला.

"पुढं वारा पडला. माणसं आजारी पडली. तो रोज स्वतःच्या हातानं सगळ्यांना रस पाजायचा. हिरड्यांतून रक्त यायला लागल्यावर स्वतः दोन-दोन पेले प्यायला. शेवटच्या दिवशीही म्हणत होता, 'गुण येईल, जरा वेळ लागतोय.'"

नाखव्यानं फडकं सोडलं. पिपाच्या तळातला रस होता तो. गंधकाचा जोर कधीच सरला होता आणि रस पुन्हा काळा पडला होता, धुरी देण्याआधी होता त्याहून काळा.

"पी," नाखवा म्हणाला.

मागं गौराक्का उभी होती. तिनं तोंड फिरवलं. बाबलशेटनं पेला तोंडाला लावला आणि एक घोट गिळला.

रस अजून आंबटच होता.

तात्पर्य: माल बिघडला की रंग बदलून तो आपल्याला सावध करतो. जो रंग झाकतो त्याचा माल सुधारत नाही. आणि त्या झाकलेल्या मालाला आधी बळी पडतो तो आपल्यावर सगळ्यात जास्त विश्वास टाकणारा माणूस.