तोफ घेऊन निघालेली लॉरी

शार्दूलराव महाराजांचा नवा पांढराशुभ्र महाल वर्षाच्या आत काळा पडला, आणि करंजवाडी संस्थानाला धुराचा शोध लागला! तोवर धूर नव्हता असं मुळीच नाही. संस्थानच्या कारखान्यात बनलेल्या लॉऱ्या कापसाच्या गाठी घेऊन घाट चढायच्या आणि घाटाखालची लोहारवस्ती बारा महिने खोकायची. पण वस्तीच्या खोकल्याला दरबारात कोण विचारतो? महालाची भिंत मात्र महाराजांना सज्जातून रोज दिसायची.

महाराज खवळले. दिवाण त्र्यंबकपंतांनी लगोलग उपाय केले. सगळ्या लॉऱ्यांना पोपटी रंग दिला, त्यावर वेलबुट्टी काढून घेतली, आणि धुराच्या नळीत गुलाबपाणी शिंपडायला एक माणूस पगारावर ठेवला. भिंत काळी होतच राहिली. फक्त आता तिला गुलाबाचा वास येऊ लागला.

मग महाराजांनी हुकूम सोडला. दसऱ्यापर्यंत कारखान्याने अशी लॉरी काढावी, की ती पूर्ण मालानिशी घाट चढेल आणि धूर मात्र निम्माच सोडेल. माल एका गाठीनेही कमी करायचा नाही. विलायतेहून आणलेल्या इंजिनावर राजमुद्रेचं सील आहे, त्याला हात लावायचा नाही. आणि लॉरीवरच्या राजमानाला तर धक्काही लागता कामा नये. जमलं नाही तर कारखान्याला टाळं लागेल आणि लोहारवस्तीने दुसरं गाव बघावं.

आता हा राजमान काय, ते सांगायला हवं. संस्थानची कुठलीच लॉरी मानाशिवाय रस्त्यावर येत नसे, असा तिथला रिवाज. कोण्या एका दिवाणाने लॉरीच्या कपाळावर पितळी सिंह बसवला. त्याच्यानंतरचा त्याच्याहून निष्ठावान, त्याने वर लोखंडी छत्र उभारलं. पुढच्याने दोन्ही अंगांना ढाली ठोकल्या. त्र्यंबकपंतांनी तर कडी केली. त्यांनी टपावर खरीखुरी तोफ चढवली, बाजारात पोचल्यावर सलामी द्यायला! चढवणाऱ्याला शालजोडी मिळायची आणि उतरवायचं नाव काढणाऱ्याला तुरुंग. त्यामुळे कापूस वाहायला काढलेली लॉरी स्वतःलाच वाहता वाहता मेटाकुटीला यायची.

हे कारखान्यात सगळ्यांना दिसत होतं, पण बोलणार कोण? उखा लोहाराने हुकूम ऐकला आणि घरी येऊन मुकाट्याने भांडीकुंडी बांधायला घेतली. त्याची लेक कौतिका त्याच कारखान्यात लॉऱ्यांचे पत्रे ठोकायची. पोरगी भारी फटकळ. तिने बापाच्या हातातली परात काढून पुन्हा फळीवर ठेवली. धूर खायचा आपण आणि गाव सोडायचं तेही आपणच, हा कुठला न्याय, असं म्हणून ती तणतणत निघाली ती थेट दरबारात.

तिथे मात्र तिने साखर पेरली. लॉरी झालीच म्हणून समजा, म्हणाली. फक्त एक गोष्ट राहिली आहे. नवी गाडी घाट चढायच्या आधी तिच्या धन्याने पायी वर जाऊन घाटदेवीपुढे नारळ फोडायचा असतो. आणि लॉरी जर पूर्ण मानात निघते, तर धन्याने साध्या कपड्यांत जाणं बरं दिसेल का? त्र्यंबकपंतांना हे फारच आवडलं. त्यांनी स्वतः उभं राहून महाराजांना चिलखत चढवलं, डोक्यावर शिरस्त्राण, पाठीवर ढाल, कमरेला दोन्हीकडे तलवारी. हातात नारळ घेऊन महाराज ऐटीत निघाले, मागोमाग दिवाणजी आणि कौतिका.

ऐट पहिल्या वळणापर्यंत टिकली. तिथे महाराजांनी ढाल काढून दिवाणजींच्या हातात दिली. थोडं वर गेल्यावर तलवारी दिल्या. शिरस्त्राण कधी गेलं ते त्यांनाही कळलं नाही. अर्ध्या घाटात चिलखत उतरलं, आणि मग मात्र महाराज झपाझप चालू लागले. मागे दिवाणजी सगळा राजमान छातीशी धरून लटपटत येत होते. देवीच्या ओट्यावर महाराज नुसत्या सदऱ्यात टेकले, तरी छातीचा भाता चाललाच होता.

कौतिकाने अगदी काळजीच्या सुरात विचारलं, "सरकार, एवढी धाप कशानं लागली? हातात तर एकच नारळ होता."

"नारळाचं काय घेऊन बसलीस!" महाराज कावले. "त्या लोखंडानं जीव काढला माझा."

"लॉरीचंही तेच म्हणणं आहे, सरकार. तिला बोलता येत नाही म्हणून ती धूर सोडते."

दिवाणजींच्या हातून ढाल खाली पडली. धापा टाकतच ते ओरडले, की हा राजद्रोह आहे, ही पोरगी राजमान उतरवायला सांगते आहे, हिला आत्ताच्या आत्ता तुरुंगात घाला.

"मी कुठं काय सांगितलं?" कौतिका म्हणाली. "सरकारांनी आपला मान आपल्या हातानं उतरवला, तरी ते राजेच राहिले. का दिवाणजींना आता ते राजे वाटत नाहीत?"

दिवाणजी पडलेली ढाल उचलायला वाकले. हो म्हणावं तरी पंचाईत, नाही म्हणावं तरी पंचाईत. महाराज आधी कौतिकाकडे बघत राहिले, मग आपल्या घामेजल्या सदऱ्याकडे, आणि एकदम खो खो हसत सुटले. तिथूनच त्यांनी हुकूम दिला की लॉरीवरचा सगळा मान उतरवा. कारखान्यातल्या माणसांनी जसा उत्साह दाखवला, तसा उभ्या जन्मात दाखवला नव्हता! तीच लॉरी, तेच इंजिन, तेवढ्याच गाठी. ती घाट चढून आली तेव्हा धूर निम्म्याच्याही खाली उतरला होता.

महाराजांनी लोहारवस्तीच्या जागा वस्तीच्याच नावावर करून दिल्या, म्हणजे पुन्हा कुणी तिला दुसरं गाव दाखवायला नको. शिवाय कारखान्यात फर्मान लागलं, की यापुढे लॉरीवर साधा खिळा ठोकायचा तरी कौतिकाला विचारून ठोकावा.

एवढं झाल्यावर त्र्यंबकपंतांनी बारीक आवाजात विचारलं, की ही उतरवलेली तोफ, छत्र, सिंह, ढाली, हे सगळं आता ठेवायचं तरी कुठे?

महाराजांनी कौतिकाकडे पाहिलं.

"दिवाणजींच्या मोटारीवर चढवा," ती म्हणाली. "एवढे निष्ठावान गृहस्थ, त्यांना मान जड होणार नाही."

महाराज पोट धरून हसले आणि तसाच हुकूम दिला. त्या दिवसापासून करंजवाडीत एका गाडीचा धूर तर साफच बंद झाला, कारण दिवाणजी दरबारात पायी येऊ लागले.