गिऱ्ह्याचं बारसं

"...खवीस नाही, समंध नाही, मुंजा तर नाहीच नाही. मग उरलं काय, महाराज?"

भानुबुवा मठाच्या ओट्यावर पावटे सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"तूच सांग, निळकंठा."

"गिऱ्हा! पाण्यात बुडून मेलेल्याचा गिऱ्हाच होतो."

निळकंठशास्त्री हे जरा मोठ्यानंच बोलला. खाली पायरीशी रावजी पाटील आणि गावातली दहा-बारा माणसं उभी होती, त्यांना ऐकू जायला हवं होतं. काशीहून व्याकरण शिकून आलेला हा शास्त्री सहा महिन्यांपूर्वी बुवांचा शिष्य होऊन मठात राहिला, आणि तेव्हापासून भुतांची नावं गोळा करत होता. बाळंतपणात गेली ती हडळ, वाट चुकवतो तो चकवा... अशी एकशे चार नावं झाली होती. एवढी नावं पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाला येत नाहीत हे त्याला ठाऊक होतं. ते इतरांनाही ठाऊक असावं, असं त्याला वाटे.

आज त्या विद्येचं गावाला पहिल्यांदाच काम पडलं होतं.

कुशाबा सुतार चौदा वर्षांपूर्वी बंदरावर गलबतं बांधायला गेला, आणि गलबताबरोबर बुडाला असा निरोप आला. गावानं बारा वर्षं वाट पाहिली. मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला, तेरावं घातलं. आणि आज सकाळी तोच कुशाबा नदीच्या वाळूत करंजाखाली बसलेला दिसला. बायका घागरी टाकून पळाल्या. गड्यांनी दगड मारले. तरी तो जाईना.

"मग आता काय करायचं, शास्त्रीबुवा?" पाटलांनी विचारलं.

"शिवेच्या आत घेऊ नका. त्याच्याशी बोलू नका. दुपारपर्यंत नाही गेला, तर जाळ करून हाकला."

भानुबुवांचे हात थांबले.

"निळकंठा, भूत या शब्दाचे अर्थ किती?"

शास्त्र्याला पर्वणीच ती. तो बोटांवर मोजू लागला.

"पिशाच्च, हा एक. पंचमहाभूतांतलं भूत म्हणजे तत्त्व, हा दुसरा. भूतकाळातलं भूत म्हणजे होऊन गेलेलं, हा तिसरा. भूतदयेतलं भूत म्हणजे जीव, हा..."

"आणि मुळात?"

"मुळात भू धातू. भू म्हणजे होणं. भूत म्हणजे झालेला... जन्मलेला."

"हे गावाला का नाही सांगितलंस?"

निळकंठ हसला. "महाराज, गावात तो अर्थ चालत नाही."

"चालत नाही होय?..."

बुवांनी त्याचं मनगट धरलं, त्याला ओट्यावरून खाली उतरवलं, आणि सोडून दिलं.

"मग त्याला हाताला धरून आण."

निळकंठ नदीकडं निघाला. एकटाच. बाकीची माणसं नदीअलीकडच्या टेकाडावरच थांबली.

करंजापासून चार हातांवर तो थांबला. त्यानं आधी पाय बघितले. भुताचे पाय उलटे असतात. हे सरळ होते. डाव्या टाचेला रक्त लागलं होतं.

"काटा मोडलाय," कुशाबा म्हणाला. "आता जवळचं दिसत नाही मला. निघेना."

निळकंठ गप्प. बोलू नका, असं त्यानंच सांगितलं होतं.

"तुम्ही शास्त्री दिसता. माझ्या बायकोला, साळूला एवढं विचाराल? ती बरी आहे असं कळलं की मी आल्या वाटेनं जातो. उगीच गावाला भ्या कशाला..."

एकशे चार नावांतलं एकही त्या क्षणी निळकंठाच्या कामी आलं नाही. तो वाळूत बसला. शेजारच्या बाभळीचा एक ताजा काटा मोडून घेतला, कुशाबाची टाच मांडीवर ओढली आणि कोरू लागला. टाच चांगली ऊन होती.

"आई आई गं! हळू की हो, शास्त्रीबुवा!"

निळकंठाला एकाएकी हसू फुटलं. काटा काढताना कळवळतं, असं कुठल्याच भुताबद्दल त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

"उठा. गावात चला."

"दगड मारतील."

"मारले तर दोघांनाही लागतील," निळकंठ म्हणाला, आणि त्यानं त्याचा हात धरला.

चावडीपुढं सारं गाव गोळा झालं होतं. ही जोडी येताना पाहून लोक मागं सरकले.

"सोडा त्याला, शास्त्रीबुवा!" पाटील ओरडले. "अहो, याच्या तेराव्याचं जेवलोय आम्ही! बुंदीचे लाडू खाल्लेत!"

"पाटील, मी चुकलो. हा गिऱ्हा नाही."

चारचौघांत 'चुकलो' म्हणायची त्याची ही पहिलीच वेळ. शब्द बाहेर पडला, आणि अंग कसं हलकं झालं.

"ज्याचं क्रियाकर्म झालं तो जिवंत परत आला, तर त्याला नव्यानं जन्माला घालावं, असं शास्त्र आहे. न्हाऊ घाला, बारसं करा. आणि त्याच बायकोशी त्याचं पुन्हा लग्न लावा."

"म्हणजे या एवढ्या बाप्याचं बारसं?"

"बारसं!"

मागून काठी आपटत ठकूआत्या पुढं आली. कुशाबाच्या बापाची बहीण. ऐंशी उलटलेली.

"सरा बाजूला. याचं नाव पहिल्यांदा मी ठेवलं होतं. दुसऱ्यांदा काय शेजारीण ठेवणार?"

तिनं दोन्ही हातांनी कुशाबाचा चेहरा चाचपला. कान धरून पिळला.

"कान तोच आहे मेल्याचा!"

"आत्ये, आज तरी मेल्या म्हणू नकोस!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं, आणि सारी चावडी हसली. हसल्यावर भीती ती काय राहणार?

मग काय विचारता! कुशाबाला कढत पाण्यानं न्हाऊ घातलं. चार पैलवानांनी घोंगडीची झोळी धरली आणि त्याला आत घातलं. एवढा बाप्या, पाय बाहेर लोंबकळताहेत, आणि बायका पाळणा म्हणताहेत! आत्यानं वाकून त्याच्या कानात नाव सांगितलं. "कुर्रर्र!" करून बायकांनी आत्याच्या पाठीत असे धपाटे घातले, की म्हातारी झोळीत पडता पडता राहिली.

साळूबाई सगळ्यांत शेवटी आली. मोकळ्या कपाळानं. ती झोळीपाशी उभी राहिली. गाणं थांबलं.

"इतका उशीर?" ती म्हणाली.

कुशाबाला उठून बसायचं होतं. झोळीत ते जमेना. हात-पाय वर करून तो नुसताच धडपडला. ते बघून साळूबाई हसली, हसता हसता रडली, आणि पुन्हा हसली.

"आता लगीन लावा!" पाटील म्हणाले.

"आज जन्मलेल्याशी?" साळूबाई पदरानं डोळे पुसत म्हणाली. "आधी दात तरी येऊ द्या की त्याला!"

पाटलीणबाईंनी कुंकवाचा करंडा पुढं केला. कुशाबाला जवळचं दिसेना, कुंकू नाकापर्यंत सांडलं. तिनं ते पुसलं नाही.

दुपारी घुगऱ्यांची पंगत बसली. भानुबुवाही आले. कुशाबाशेजारी बसून ते बराच वेळ त्याच्याशी बोलले, मग पत्रावळ उचलून निळकंठाशेजारी येऊन बसले. निळकंठ नवरदेवाकडंच बघत होता.

"महाराज," तो हळूच म्हणाला, "आज जन्मात पहिल्यांदा मी भुताचा हात धरला."

बुवा घुगऱ्या चावत राहिले...

"मघाशी कुशाबाही तुझ्याबद्दल हेच म्हणाला."