शेजारचं घर

“या घराचा आकडा कुठून आणलास?”

होनपबाई दारासमोर उभ्या होत्या. दाराला कुलूप होतं. कुलपावर कोळ्याचं जाळं.

रेवणने कागद उलटले. “घर नंबर चौदा. एक मुलगी, तीनदा जेवते. वजन चांगलं आहे, बाई.”

“दार कोणी उघडलं?”

“दार... बंद होतं. म्हणून शेजारचं घर घेतलं. तसा नियमच आहे.”

“या वाडीत अशी किती?”

“पाहणीसाठी वीस घरं निवडली होती. तेरा बंद निघाली.”



बाई म्हणजे अर्थशास्त्रातलं मोठं नाव. चाळीस वर्षांपूर्वी हाच तालुका पायी हिंडून त्यांनी पुस्तक लिहिलं होतं. गरिबाच्या ताटात काय पडणार हे ठरवतं कोण, बाजार की राज्य करणारे, असा त्यांचा सवाल होता. त्या पुस्तकावरून मोठमोठ्या योजना आखल्या गेल्या.

रेवण त्यांचा शेवटचा विद्यार्थी. हुशार. आणि आपण हुशार आहोत हे त्याला ठाऊकही होतं. त्याच्या अहवालात लिहिलं होतं, की या भागातली मुलं आता घरीच पोटभर जेवतात, इथल्या अंगणवाड्या बंद केल्या तरी चालतील. अहवाल त्याच संध्याकाळी सरकारला द्यायचा होता. बाईंची सही तेवढी बाकी होती.

पण बाई म्हणाल्या होत्या, आधी वाडी बघते.

शेजारच्या ओट्यावर कावेरी उभी होती, कडेवर लेक घेऊन. पाहणीच्या वेळी रेवणने तिलाच विचारलं होतं.

“या घरातली माणसं कुठं गेली गं?” बाईंनी तिला विचारलं.

“भट्टीवर, आजी. विटा पाडायला. दिवाळी झाली की जातात, पावसाच्या तोंडाशी येतात.”

“आणि पोरं?”

“ती पण जातात. इथं कुणापाशी ठेवणार? परत येतात तेव्हा उचलून घ्यायला भीती वाटते, अशी होऊन येतात. मग अंगणवाडीच्या खिचडीवर जरा अंग धरतात.”

“तू यांना काय सांगितलंस?”

“माझंच सांगितलं. नवरा आश्रमशाळेत शिपाई आहे. पोरगी जेवते तीनदा, तर खोटं कशाला बोलू? पण ते यांच्या घरापुढे लिहिणार, हे नाही सांगितलं साहेबांनी.” तिने लेकीला दुसऱ्या कडेवर घेतलं. “काही वाईट झालं का, आजी?”



खाली रस्त्यावर जीपने हॉर्न दिला.

“बाई, चला. उशीर होतोय.”

“जा तू.”

रेवणचा आवाज चढला. “ही रीत माझी नाही, बाई.” त्याने पिशवीतून एक पुस्तक काढलं. वापरून मऊ झालेलं, वर कागदाचं कव्हर. “तुमचीच आहे. पान एकशे बारा. बंद घराऐवजी लगतचं घर घ्यावं. तुम्ही घेतलंत ते संशोधन. मी घेतलं की चूक?”

बाईंनी पुस्तक हातात घेतलं. पान उघडून पाहिलं नाही.



मग त्या वाकल्या. पुस्तक बंद दाराच्या पायरीवर ठेवलं आणि त्यावर बसल्या.

कावेरीने जीभ चावली.

“बाई... पुस्तक आहे ते,” रेवण म्हणाला.

“माहीत आहे. पायरी गार आहे.”

“अजून परीक्षेला असतं ते. मुलं वाचतात.”

“हो ना.”

“मी सहीशिवाय देईन अहवाल.”

“दे.”

“तुमचा विद्यार्थी म्हणून ओळखतात मला. माझं हसं झालं तर तुमचंही होईल.”

बाई कुलपाकडे बघत राहिल्या.

“साहेब,” कावेरीने हळूच विचारलं, “अंगणवाडी बंद होणार का?”

रेवणने पेनाचं टोपण काढलं. लावलं. पुन्हा काढलं.

“मी विचारलेलं कळलं नाही का, साहेब?”

“कळलं.”

पुन्हा हॉर्न वाजला. तो उतरून रस्त्यापर्यंत गेला. जीपवाल्याशी काहीतरी बोलला. जीप वळली, धूळ उडाली, आवाज लांब गेला.

तो परत आला. तोंड उतरलं होतं.

“हे काम आता दुसऱ्याला देतील, बाई.”

“देतील.”

“मग... या घरापुढे काय लिहू?”

बाई पायरीवर थोड्या सरकल्या. शेजारी एका माणसापुरती जागा झाली.

“तुझा अहवाल अंथर, आणि बस. घरची माणसं यायची आहेत अजून.”